उतू न गेलेलं दूध

बहात्तरचा दुष्काळ ओसरला आणि आमची वरात सोलापुरात आली. वरात म्हणजे मी, आमचे हे, दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि पोतंभर नारळ. हे सरकारी कचेरीत कारकून. कारकुनाची बदली करताना साहेब नकाशा पाहत नाहीत, रिकामी खुर्ची पाहतात. ती सोलापुरात रिकामी होती, म्हणून समुद्राकाठची दोन माणसं घागरभर पाण्यावरून भांडणाऱ्या गावी येऊन पडली. निघताना माझ्या मावशीनं डोळ्याला पदर लावून विचारलं होतं, "तिकडं भात मिळतो का गं?" जणू हे मला काळ्या पाण्यावरच नेत होते.

खोल्या मिळाल्या त्या विजापूर रोडच्या अंगाला. घरमालकीण विधवा, पन्नाशीची, लिंगायत. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. सगळी आळी तिला अव्वा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तिनं पहिल्याच दिवशी दारात उभं राहून अट घातली, "मासळीचा वास आला तर त्याच दिशी भांडी भाईर. आदीच सांगून ठिवते." ह्यांनी मान डोलावली. सुक्या बांगड्याचा वास आल्याशिवाय ज्यांना तीस वर्षं भूक लागली नव्हती, त्यांनी अशी मान डोलावली की जन्माला येतानाच माळ घालून आले होते जणू. परमुलखात गेलेल्या माणसाची मान फार लवकर डोलायला शिकते.

पहिल्या वर्षीची वेळ अमावास्या, इथल्या बोलीतली येळवस, आम्हाला घरात बसूनच कळली. मार्गशीर्ष संपत आलेला, सकाळी थंडी. दूधवाला आला नाही. कोपऱ्यावरचा किराणा बंद. रस्त्यानं एकामागून एक बैलगाड्या चाललेल्या, गाड्यांत बायका, बायकांच्या मांडीवर चुन्यानं रंगवलेली मडकी. दहा वाजेतो आळीत एक कुत्रं आणि आम्ही दोघं उरलो. हे कचेरीत जाऊन परत आले. म्हणाले, चपराशीसुद्धा शेतात गेलाय. कुणी गेल्यासारखी घरावर अवकळा आली. संध्याकाळी अव्वा परतली तेव्हा आम्ही ओट्यावर तसेच बसलेलो. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आगं बया. तुमाला रान न्हाई व्हय?" असं, की जणू आम्हाला आईबाप नाहीत.

पुढल्या वर्षापासून तिनं आम्हाला गाडीत घेतलं.

तिचं रान गावाबाहेर होतं. आज तिथं जुळे सोलापूरच्या इमारती आहेत आणि लोक शेजाऱ्याच्या स्कूटरवरून भांडतात. तेव्हा तिथं शाळू होता, म्हणजे रब्बीची ज्वारी, पुरुषभर उंच. शाळूच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारलेली, खोपीत चुना फासलेले पाच दगड. ते पांडव. त्यांची पूजा. मग एक माणूस अंबिलीचं मडकं घेऊन पिकात शिंपडत पुढं चालणार, बाकीचे मागं कानडी आरोळी ठोकत. आरोळीचा अर्थ विचारला तर तिघांनी मला चार अर्थ सांगितले. आणि मग जेवण. त्या जेवणाबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. सगळ्या ओल्या शेंगा, दाणे, भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट गार अंबील, शेंगाची पोळी, खीर. नको म्हटलं तर वाढणारी बाई रागावायची.

ह्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ह्यांची गत झाली. दोन अमावास्या झाल्या नाहीत, तोच हे कचेरीत नव्या माणसांना "आमच्याकडं येळवसला" अशी सुरुवात करून भाषण देऊ लागले. डोक्याला बांधायला पटका आणला. तो बांधता येईना, म्हणून आदल्या रात्री अव्वाच्या मुलाकडून बांधून घेऊन खुंटीला टांगून ठेवायचा आणि सकाळी टोपीसारखा घालायचा. कोकणात थोरल्या भावाला पत्र लिहिलं : यंदा आमच्या शेतात शाळू उत्तम आहे. भावाचं कार्ड उलट टपाली आलं : शेत घेतल्याचे वाचून आनंद वाटला, तरी आता इथल्या तुकड्याची आपणास गरज नसावी, सहीचे कागद पाठवीत आहे. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, "नाहीतरी भाताचं शेत ते. चिखल नुसता." आणि सही करून मोकळे झाले. म्हणजे आता आम्हाला जगात एकच रान उरलं, तेही अव्वाचं.

मी पुष्कळदा विचार केला आहे की नव्यानं आलेली माणसं त्या मुलखाचा नेमका पिकाचाच सण का उचलतात. देवाचे सण उचलता येत नाहीत. तिथं कुलदैवत विचारतात, सोवळं विचारतात, तुमच्यात असं करतात का असं विचारतात. पिकाच्या सणाला फक्त भूक विचारतात. शिवाय नांगरलं दुसऱ्यानं, पेरलं दुसऱ्यानं, पाखरं हाकलली दुसऱ्यानं, आपण आयत्या बिळावर नागोबा. आणि एकदा त्या मातीतलं पोटभर खाल्लं की माणसाला वाटायला लागतं, आपण इथलेच. पी हळद अन् हो गोरी. आमच्या गावी नव्या भाताची लोंबी दाराला बांधायचा दिवस असतो. त्या दिवशी चुलत्यांनी आम्हाला कधी खळ्यावर बोलावल्याचं मला आठवत नाही. इथं परकी बाई गाडीत घालून नेत होती. मग हळद प्यायला काय हरकत होती?

फक्त एक गोष्ट मला डाचत होती. शेतात गेल्यावर आमच्यासाठी सतरंजी अंथरत. अव्वाच्या घरच्या बायका ढेकळांवर बसत, चूल पेटवत, एकमेकींवर खेकसत, मी सतरंजीवर, हातात पहिलं ताट, अंगावर "घ्या की बाई, लाजू नका." हे तर लोडाला टेकल्यासारखे बसत. मला ती सतरंजी टोचायची. मला तिथून उठायचं होतं, ढेकळावर बसायचं होतं, माझ्यावर कुणी खेकसावं असं वाटत होतं. हसू नका, मला ते फार मनापासून हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मी घरून भज्जी करून नेली. आपला हात दाखवावा म्हणून तीत अर्धा नारळ खवून घातला, आमसूल टाकलं. अव्वानं घास घेतला, चावला, पुन्हा चावला. म्हणाली, "नारळ फोडायचा आस्तोय बाई. असा बुडवायचा नस्तोय." सगळ्या बायका खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

तिसऱ्या खेपेला मी ठरवूनच गेले. गाडीतून उतरल्याबरोबर पदर खोचला, सतरंजीकडं पाहिलंही नाही, आणि थेट खोपीपाशी जाऊन अव्वाला म्हटलं, "मला काहीतरी काम सांगा." तिथं तीन दगडांवर गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि वर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं होतं. पुरुष अंबील शिंपायला निघाले होते, बायका मागोमाग. अव्वानं मला वरखाली पाहिलं. "बरं. हितं दुदापाशी बसा. आमी फेरी मारून येतो."

दुधापाशी! मला कृतकृत्य वाटलं. ज्या बाईनं संसार पाव शेर दुधावर रेटला, त्यातच सकाळचा चहा, संध्याकाळचा चहा, विरजण आणि आला-गेला बसवला, तिला दुधापाशी बसवणं म्हणजे गवयाला तंबोरा देणं. मी मांडी ठोकून बसले. डोळ्यात धूर जात होता तरी पापणी लववली नाही. लांबून आरोळ्या येत होत्या. दुधावर साय धरली, कडेनं बुडबुडे आले, साय थरथरली आणि दूध फुगून वर आलं. काठाशी आलं न आलं तोच मी पदरानं बोळकं धरून खाली उतरवलं. बोटं भाजली. पण थेंब सांडू दिला नाही. वर धूळ पडू नये म्हणून एरंडाचं पान झाकलं आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

मंडळी आली. अव्वानं चुलीकडं पाहिलं, मग बोळक्याकडं, मग माझ्याकडं. मी पान उचलून दाखवलं, "बघा, अगदी वेळेवर उतरवलं. एक थेंब गेला नाही."

अव्वाच्या जावेनं कानडीत काहीतरी म्हटलं आणि तोंडावर पदर घेतला. अव्वाच्या मुलानं बोळकं उचलून परत गोवऱ्यांवर ठेवलं, फुंकर मारली, पण विस्तव मरून गेला होता. दूध नुसतं कोमट होऊन साय धरून बसलं. अव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे." एवढंच. मग मला दंडाला धरून तिनं सतरंजीवर नेऊन बसवलं आणि पहिलं ताट माझ्या पुढ्यात ठेवलं.

काय बिघडलं ते मला परतीच्या वाटेवर ह्यांच्याकडून कळलं. ह्यांना ते अव्वाच्या मुलानं अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं, पण मला सांगताना ह्यांचा आव असा की सात पिढ्या अक्कलकोटाकडं नांगर धरत होत्या. "अगं, ते दूध उतू घालायचं असतं. ज्या दिशेला सांडेल त्या दिशेला पुढच्या साली पीक येतं. इतकं साधं तुला ठाऊक नाही?" मी म्हटलं, "आणि सांडलंच नाही तर?" हे पटका सावरत म्हणाले, "तर मग काय. विचार कर."

मी वर्षभर विचारच केला.

त्याआधी मला पावसाशी देणंघेणं नव्हतं. कोकणात पाऊस म्हणजे कपडे वाळत नाहीत, एवढंच. पगार एक तारखेला होतो. त्याला ढग लागत नाहीत. आता मात्र मी सकाळी उठले की आधी अंगणात जाऊन आभाळ पाहायची. उभा शाळू त्या माघात बरा निघाला, पण तो जुन्या सालाच्या खाती. माझा शाळू पुढचा. मृग कोरडा गेला. मी रेडिओवर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लावू लागले. भाजीवालीला भाव विचारायच्या आधी "तुमच्याकडं पडला का?" असं विचारायची. आळीत कुणी दुष्काळाचं नाव काढलं, की मी उठून आत जायची. दुष्काळात इथल्या बायकांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, अव्वाची जाऊ त्यांतली. हे मी ऐकून होते. आणि आता तसं पुन्हा झालं, तर ते पाव शेर दूध वाचवणाऱ्या माझ्यामुळं.

श्रावणात मी सोळा सोमवार धरले. सिद्धेश्वराच्या तळ्यावरून देवळात जायची आणि मुकाट्यानं ज्वारी मागायची. लोकांच्या बायका हे व्रत नवऱ्यासाठी करतात. ह्यांनाही तसंच वाटलं. सोमवारी हे आरशात जरा जास्त वेळ पाहू लागले, एकदा तर म्हणाले, "एवढं माझ्यासाठी कशाला करतेस गं?" मी म्हटलं, "असू दे." खरं सांगितलं असतं तर माणूस खचला असता.

अव्वा काही बोलत नव्हती. अंगणात भेटली की "जेवलात का?" म्हणायची, पुढं जायची. मला त्या दोन शब्दांत शंभर शिव्या ऐकू यायच्या. हस्त थोडा पडला. पेरण्या झाल्या. पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती म्हणतात. स्वाती नुसतीच शिंपडून गेली. दिवाळीनंतर अव्वाचा मुलगा आईला सांगताना मी भिंतीआडून ऐकलं, "वरच्या अंगाचा शाळू बसलाय. खालचा बरा हाय." वरच्या अंगाचा शाळू बसलाय, म्हणजे वाढ खुंटली! मी त्या रात्री जेवले नाही.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. पहाटे अव्वाच्या चुलीवर भज्जी रटरटू लागली, वास भिंतीतून आत आला. हे पटका घालून तयार. मी पांघरूण घेऊन पडून राहिले. "डोकं दुखतंय. तुम्ही जा." हे मिनिटभर घुटमळले, मग भज्जीनं विजय मिळवला आणि हे गाडीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं दार ढकलून अव्वा आली. लुगड्याचा काष्टा घातलेला, हाताला पीठ. "काय झालं?"

"डोकं."

"डोकं न्हाई. चार म्हयनं बगतीया, तोंड चोरून हिंडायलाय तुमी. भाडं वाढवीन आसं वाटलं का?"

मग माझा बांध फुटला. मी उठून बसले आणि रडत रडत सगळं ओकले. बोळकं, पान, मृग, सोळा सोमवार, वरच्या अंगाचा शाळू. "माझ्यामुळं झालं अव्वा. मी दूध उतरवलं."

अव्वाच्या छातीत काहीतरी खडखडलं. मला वाटलं, आता शिवी येते. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"आगं ए शानी! हितं यून पाच वरसं झाली न्हाईत, आन पाऊस तुज्या हातात आला व्हय गं? लई मोटी झालीस की!"

चार वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं होतं. पण तेव्हा माझ्या ते लक्षातच आलं नाही, कारण मला भयंकर राग आला होता. मी म्हटलं, "मग वरचा शाळू का बसला?"

"मुरमाड हाय ते. माज्या लग्नापास्नं बसतोया."

"आणि दूध?"

अव्वानं डोळे पुसले. हसणं ओसरलं. "दुष्काळ पडायच्या आदल्या सालाला बी दूद उतू घातलं व्हतं. मीच बसले व्हते. भसाभसा गेलं, चारी अंगानं. सगळी म्हनली, यंदा घरात ठिवाया जागा पुरायची न्हाई. फुडच्याच साली आमी विहिरीत उतरून वाटीनं पानी भरलं."

मी विचारलं, "मग दरवर्षी घालता कशाला?"

"वरीसभर थेंब थेंब राखतोच की बाये. येक दिस सांडू द्यायचं." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल. भज्जी वाडायला मानूस कमी हाय. आन नारळ आनलास तर टकुऱ्यात घालीन."

मी गेले. खरं सांगायचं तर मनातून खट्टू होते. सोळा सोमवार केलेल्या बाईला, तुझा पावसाशी काही संबंध नाही, हे ऐकणं सोपं नसतं. वर्षभर सोलापूर जिल्ह्याची ज्वारी एकटीनं डोक्यावर घेतली होती मी. ती अव्वानं दोन वाक्यांत खाली उतरवून ठेवली. आणि ती उतरल्यावर मला हलकं वाटण्याऐवजी रिकामं रिकामं वाटत होतं.

शेतात अव्वानं मला पुन्हा दुधापाशी बसवलं आणि यंदा स्वतः शेजारी बसली. बाकीची मंडळीही फेरी मारून येऊन भोवती उभी राहिली, गेल्या सालची गंमत सगळ्यांना आठवत होती. हे पटक्यातून मला खुणा करत होते : हात लावू नकोस. दूध तापलं, साय थरथरली, फुगली. माझा हात आपोआप पदराकडं गेला. अव्वानं मनगट धरलं, करकचून. दूध काठावर आलं, क्षणभर तिथं थांबल्यासारखं झालं आणि सांडलं. गोवऱ्यांवर चर्र आवाज झाला. करपल्या दुधाचा वास आला. पाव शेर दूध डोळ्यांदेखत राखेत गेलं आणि मी त्यातले चहा मोजत बसले.

"कुटं गेलं?" कुणीतरी विचारलं.

"सडकंच्या अंगाला," अव्वाचा मुलगा म्हणाला.

"मंग यंदा डांबरावर पिकंल," अव्वा म्हणाली. सगळे हसले. जाऊ हसली, मुलगा हसला. हेसुद्धा हसले, काय झालं ते न कळता. हसत हसतच ती सगळी ताटं मांडायला गेली. दूध कुठं सांडलं हे पोळ्या वाढेपर्यंत त्यांच्यातलं कुणी लक्षातही ठेवलं नसेल.

मला हसू येईना. त्या अख्ख्या रानात ते दूध खरं मानणारी मी एकटीच उरले होते, परवा-परवा आलेली. मी उठून टाचा उंच केल्या आणि सडकेपलीकडं कुणाचं रान आहे, त्यात काही पेरलंय का, ते पाहू लागले.